आकडा चुकला तर चुकू द्या, किती चुकला ते सांगा

प्रति,
मा. अध्यक्ष व सन्माननीय सदस्य,
जिल्हास्तरीय तक्रार निवारण समिती

विषय: आमच्या महसूल मंडळातील पावसाची नोंद आणि आपल्या इतिवृत्तातला ध्रुवीय बर्फाचा दाखला

महोदय,

मागच्या सुनावणीचं इतिवृत्त परवा हाती पडलं. पावसाची नोंद चुकली आहे या आमच्या मंडळाच्या तक्रारीपुढे तीन वाक्यं आहेत. ‘मोजमापात तफावत असणे स्वाभाविक आहे. ध्रुवीय प्रदेशातील बर्फाच्या घटीबाबतही शास्त्रज्ञांचे आकडे वेळोवेळी बदलत असतात. सबब हवामान केंद्राची नोंद अंतिम समजण्यात यावी व तक्रार निकाली काढण्यात यावी.’

पहिल्या दोन वाक्यांतून तिसरं कसं निघालं, ते पुन्हा पुन्हा वाचूनही मला उलगडलं नाही. मोजमाप चुकू शकतं, शास्त्रज्ञांचंही चुकतं, इथवर आपलं एकमत आहे. मग जे चुकू शकतं ते न तपासताच अंतिम कसं ठरतं? तक्रार नामंजूरच करायची होती तर तेवढं लिहून भागलं असतं. अंटार्क्टिकाला मध्ये ओढायची गरज नव्हती. आता ओढलंच आहे, तर त्याचा हिशेब नीट मांडू.

हे पत्र आपल्याला टपालाने पाठवलं आहेच. तरीही ते सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण आपला दाखला गावोगाव फिरू लागला आहे. पारावर एकाने मला ऐकवलं, ‘मॅडम, तिकडं बर्फाचंच काय खरं नाही म्हणत्यात साहेब, तुम्ही पावसाचं काय घेऊन बसल्यात?’ दहावीच्या वर्गात एका मुलीने विचारलं की अंटार्क्टिकाचा बर्फ कमी होतोय का वाढतोय, पेपरात नक्की लिहायचं काय? जिल्ह्याचं नाव मी मुद्दाम घातलेलं नाही. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत कुणालाही हे पत्र आपल्याच समितीला लिहिलेलं वाटलं, तर ते चुकीचं ठरणार नाही.

माझी ओळख थोडक्यात. मी गोदाकाठच्या मोसंबीच्या पट्ट्यात राहते, माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. सासरची बाग मी आणि माझे दीर मिळून बघतो. २०१२-१३ च्या दुष्काळात या पट्ट्यातल्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या आणि सरपणाला गेल्या. आमचीही गेली. आज उभी आहे ती त्यानंतर लावलेली. मोसंबी लावल्यावर हाताशी पीक यायला पाच-सहा वर्षं जातात, हे सदस्यांपैकी जे शेतकरी आहेत त्यांना सांगायला नको. तक्रार ज्या रात्रीच्या पावसाची, त्या भाद्रपदातल्या रात्री आंब्या बहाराची फळं रंगावर आली होती. रात्रभर कोसळला. सकाळी बागेत पाऊल टाकलं तर पिंढरीपर्यंत पाणी, आणि त्यावर तरंगणारी हिरवी-पिवळी फळं. पुढचे कित्येक दिवस रान चिभडलेलं होतं, वाफसा येईना, फळगळ थांबेना. भाऊजी रोज पाटीभर फळं बांधावर आणून टाकायचे आणि काही न बोलता परत जायचे.

पंचनामा झाला. तलाठी येऊन गेले, फोटो काढले. पण अतिवृष्टीच्या यादीत मंडळाचं नाव नाही, कारण २४ तासांत ६५ मिलिमीटरची अट आमच्या केंद्राच्या नोंदीत पुरी झाली नाही. केंद्राने पन्नाशीच्या आतबाहेर दाखवला. त्याच रात्री त्याच गावात शाळेच्या पर्जन्यमापकात नव्वदीच्या पुढे भरला होता. शेजारची दोन्ही मंडळं यादीत आहेत, म्हणजे ढगाने नेमकी आमच्या मंडळाची शीव ओळखून हात आखडता घेतला म्हणायचा.

चाळीस मिलिमीटरचा फरक ऐकायला बारीक वाटतो. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी. चाळीस मिलिमीटर म्हणजे एकरी एक लाख साठ हजार लिटर, दहा हजार लिटरचे सोळा टँकर. एवढं पाणी दर एकरात आलं आणि कागदावर आलंच नाही.

आता बर्फाकडे येते.

ध्रुवावरच्या बर्फाचे आकडे बदलतात, हे खरं. ते का बदलतात, हे मात्र इतिवृत्तात नाही. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ किती घटला हे तीन निरनिराळ्या वाटांनी काढतात. पहिली वाट उंचीची. उपग्रहावरून लेसर किंवा रडारचा झोत सोडायचा आणि बर्फाचा पृष्ठभाग किती खाली गेला ते बघायचं. दुसरी जमाखर्चाची. वर पडलेलं हिम जमेला, हिमनद्यांमधून समुद्रात गेलेला बर्फ खर्चाला. तिसरी मुलांना सगळ्यात आवडते. २००२ च्या मार्चमध्ये ‘ग्रेस’ नावाची उपग्रहांची जोडी सोडली. दोन उपग्रह एकामागे एक, मध्ये साधारण २२० किलोमीटर अंतर. खाली वस्तुमान जास्त असलं की पुढचा उपग्रह आधी ओढला जातो, दोघांतलं अंतर किंचित बदलतं. हा बदल केसाच्या जाडीपेक्षाही बारीक असतो, आणि तो सतत मोजून खालचा बर्फ महिन्यागणिक किती हलका झाला ते काढतात. म्हणजे चक्क तोलतात.

या तिन्ही वाटांत खोट आहे आणि ती लपवलेली नाही. रडारचा झोत मऊ हिमात थोडा आत शिरतो, किती शिरतो ते हिमाच्या पोतावर ठरतं. २०१२ च्या जुलैमध्ये ग्रीनलँडचा जवळपास सगळा पृष्ठभाग काही दिवस वितळला आणि पुन्हा गोठला. हिमात बर्फाचा कडक थर तयार झाला, झोत त्यावरूनच परतू लागला आणि बर्फाची उंची वाढल्यासारखी दिसली. वाढली काहीच नव्हती. तोलण्याच्या वाटेत दुसरी अडचण. हिमयुगातलं ओझं उतरल्यापासून अंटार्क्टिकाखालची जमीन अजून हळूहळू वर येते आहे, आणि उपग्रहाला बर्फाचं वजन कोणतं आणि खालच्या खडकाचं कोणतं ते वेगळं कळत नाही. त्यासाठी उघड्या खडकांवर जीपीएस रोवून जमीन किती उचलली जाते ते मोजतात आणि तेवढं वजा करतात. जमाखर्चाच्या वाटेत हिमनदी समुद्राला भेटते तिथली बर्फाची जाडी ठाऊक असावी लागते, आणि ती सगळीकडे नीट मोजलेली नाही. तिघांच्या चुका वेगळ्या जातीच्या आहेत, म्हणूनच तिघांना शेजारी बसवण्यात अर्थ आहे. तिन्ही वाटा एकाच गावाला पोचल्या तर भरवसा वाढतो. नाही पोचल्या तर कुणाची वाट कुठे चुकली ते शोधायला जागा मिळते.

२०१८ मध्ये अशी २४ उपग्रह-सर्वेक्षणं एकत्र करून अंटार्क्टिकाचा हिशेब प्रसिद्ध झाला. १९९२ ते २०१७ या काळात २,७२० अब्ज टन बर्फ गेला, अधिक-उणे १,३९०. आकड्याच्या निम्म्याहून मोठी चूक त्यांनी स्वतःच आकड्याच्या शेजारी छापली. पूर्व अंटार्क्टिकाचा आकडा तर बघण्यासारखा आहे. दरवर्षी ५ अब्ज टनांची वाढ, अधिक-उणे ४६. सरळ अर्थ असा की इथे बर्फ वाढतोय की घटतोय हे आम्हाला सांगता येत नाही. जगभरातले नावाजलेले शास्त्रज्ञ एकत्र येतात, आणि खंडाच्या सगळ्यात मोठ्या तुकड्याबद्दल असं लिहून मोकळे होतात. त्याच कागदावर पश्चिम अंटार्क्टिकाची वार्षिक घट पंचवीस वर्षांत ५३ वरून १५९ अब्ज टनांवर गेल्याचं आहे, आणि या १५९ मधली चूक २६. तिथे शंकेला जागा नाही. खात्री आहे तिथे छातीठोकपणे सांगायचं, नाही तिथे नाही म्हणायचं. आपल्या इतिवृत्ताने यातला पहिला अर्धा भाग घेतला, दुसरा सोडून दिला.

दहावीच्या त्या मुलीला मी हेच सांगितलं. एकूण घटतो आहे, पूर्वेकडचं नक्की नाही, आणि हे दोन्ही लिही. परीक्षक मार्क देतील की नाही, ते देव जाणे.

मतभेदही झाले. २०१५ मध्ये नासाच्याच एका शास्त्रज्ञाच्या गटाने लिहिलं की अंटार्क्टिकाचा बर्फ घटत नसून वाढतो आहे. बर्फाची गोष्ट थोतांड आहे असं सांगणारे आजही तोच कागद पुढे करतात. पण त्यानंतर कुणी ‘सबब अमुक नोंद अंतिम’ असा शेरा मारला नाही. बाकीच्यांनी त्यांची पद्धत उकलून बघितली, उंचीचे आकडे आणि तोलाचे आकडे समोरासमोर ठेवले, छापील वाद घातला. तो वाद आजही कुणालाही वाचता येतो.

आता आमच्या मंडळाच्या तक्रारी. सुनावणीत पाच मिनिटं मिळाली होती, म्हणून इथे सविस्तर.

पहिली, जागेची. केंद्र एका सार्वजनिक इमारतीच्या मागे, कडुलिंबाच्या झाडाजवळ आहे. आडोसा जेवढा उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक असावा, हा साधा नियम आहे. पाठ्यपुस्तकातसुद्धा तो मोकळ्या जागेत ठेवायला सांगतात. आमचा कडुलिंब दुमजली घराएवढा, आणि केंद्रापासून चार पावलांवर. बसवताना झाड लहान होतं, असं सुनावणीत सांगण्यात आलं. झाडं वाढतात.

दुसरी तक्रार मोठी आहे, आणि तिच्यावर सुनावणीत कुणी अवाक्षर काढलं नाही. माहिती अधिकारात अर्ज करून मी त्या रात्रीच्या तासातासाच्या नोंदी मिळवल्या. या यंत्रात पाऊस नरसाळ्यातून खाली एका छोट्या दुहेरी वाटीत पडतो. एक बाजू भरली की वाटी कलंडते, दुसरी बाजू पुढे येते. प्रत्येक कलंडणं मोजलं जातं, त्यावरून मिलिमीटर निघतात. नोंदी बघा. मध्यरात्रीनंतर सगळा गाव विजांनी जागा होता, तेव्हा या केंद्रावर रिमझिम आहे. पहाटे पाऊस थांबला, आठला ऊन पडलं, आणि केंद्रावर दुपारपर्यंत पाऊस चालूच. तोही दर तासाला जवळजवळ सारखा. निसर्गात पाऊस असा पडत नाही. नरसाळ्याचं तोंड तुंबलं की असा पडतो. वर साचलेलं पाणी थेंबथेंब खाली झिरपत राहतं आणि यंत्र ते इमानेइतबारे मोजत राहतं. काठावरून सांडलं ते कायमचं गेलं.

यात आणखी एक मेख आहे. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतात. नंतर जे झिरपत राहिलं ते दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर जमा झालं. एका रात्रीचा पाऊस दोन दिवसांत वाटला गेला, आणि ६५ ची अट कुठल्याच दिवशी पुरी झाली नाही. यंत्र खोटं बोललं असं मी म्हणत नाही. नरसाळ्यात लिंबाच्या काड्या आणि साळुंकीच्या घरट्याचं गवत होतं, ते काठाच्या वर आलेलं कुंपणाबाहेरूनही दिसत होतं. शाळा सुटल्यावर मुलांनी मला नेऊन दाखवलं. त्याचे तारखेसह फोटो तक्रारीला जोडलेले आहेत. ते उघडून बघितले असते, तर ध्रुवापर्यंत जावं लागलं नसतं.

२००९ च्या फेब्रुवारीत असाच प्रकार तिकडे झाला. आर्क्टिक समुद्रावरच्या बर्फाचं क्षेत्र रोज प्रसिद्ध करणाऱ्या अमेरिकेतल्या नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटरचे आकडे अचानक घसरू लागले. बर्फ असायला हवा तिथे उघडा समुद्र दिसतोय, असं वाचकांनीच कळवलं. उपग्रहावरचा संवेदक बिघडला होता, आणि महिन्याच्या मध्यापर्यंत सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर बर्फ हिशेबातून गळला होता. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाखांच्या थोडं वर आहे. केंद्राने काय केलं? आकडे थांबवले, चूक कुठे आणि किती ते जाहीर केलं, दुसऱ्या उपग्रहावर गेले, आधीच्या नोंदी दुरुस्त केल्या. कळवणाऱ्या वाचकांना कुणी निकाली काढलं नाही.

तिसरी तक्रार, तपासणीची. केंद्र शेवटचं कधी तपासलं, याचं उत्तर माहिती अधिकारातही ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं आलं. मोजून पाणी घ्यावं, नरसाळ्यात हळूहळू ओतावं, यंत्र किती दाखवतं ते बघावं. आठवीतली मुलं हे करू शकतात. जोराच्या पावसात वाटी कलंडता कलंडता पाणी निसटतं आणि मुळातच मोजणी कमी भरते, म्हणून ही तपासणी सावकाश आणि जोरात अशी दोन्ही प्रकारे करायची असते. उपग्रहाच्या लेसरची उंची बरोबर येते का हे बघायला शास्त्रज्ञ दक्षिण ध्रुवाजवळ ८८ अंश अक्षवृत्तापर्यंत जाऊन-येऊन बर्फावरून सुमारे ७५० किलोमीटर गाड्या घेऊन गेले, जीपीएसने खालची उंची मोजत. आमचं केंद्र डांबरी रस्त्याला लागून आहे. चहाचं हॉटेलही समोरच आहे.

चौथी, बंद पडलेल्या दिवसांची. आमच्या केंद्राच्या नोंदीत उन्हाळ्यापासून काही दिवस सलग शून्य आहेत. त्यांतल्या एका दिवशी वादळी पावसात आमच्या घरावरचा पत्रा उडाला होता, तेव्हा ते शून्य पावसाचं नाही, बॅटरीचं आहे. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘मोजला नाही’ या दोन गोष्टी एकाच आकड्याने लिहिल्या की पुढे कुणालाही त्या वेगळ्या करता येत नाहीत. काही दिवशी शेजारच्या मंडळाचे आकडे जसेच्या तसे आमच्या नावावर दिसतात, तसा शेरा कुठेच नाही. अंटार्क्टिकात ‘हॅरी’ नावाचं एक स्वयंचलित केंद्र हिमाखाली गाडलं जायचं. त्याच्या तापमानाच्या नोंदींत ‘गिल’ नावाच्या भलत्याच केंद्राच्या नोंदी मिसळल्या गेल्या होत्या. संशोधन छापून आल्यावर बाहेरच्या लोकांनी ते हेरलं, आणि नोंदी सांभाळणाऱ्या ब्रिटिश संस्थेने त्या दुरुस्त केल्या. तसंच ग्रेसची पहिली जोडी २०१७ मध्ये थांबली आणि दुसरी २०१८ च्या मे महिन्यात गेली. मधल्या महिन्यांचा खंड आजही आलेखात खंड म्हणूनच दिसतो. तिथे कुणी शून्य लिहिलं नाही.

पाचवी तक्रार लहान आहे. वीस-पंचवीस गावांच्या मंडळाला एकच केंद्र. आमच्याकडे वळवाचा पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो न् दुसऱ्यावर पडत नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. यापेक्षा जास्त लिहायला नको.

आता आमच्या बाजूचंही बोलते. काही ठिकाणी शेतकरीच यंत्रांशी खेळतात, कुठे पाणी ओततात, कुठे ओलं गोणपाट टाकतात, असा आरोप सुनावणीत झाला. असं कुणी करत असेल तर तो शेजाऱ्याच्याच पोटावर पाय देतो, आणि त्याची बाजू मी घेणार नाही. पण त्यावर उपाय म्हणून सांगितला गेला तो उंच कुंपणाचा आणि कॅमेऱ्याचा. कुंपणाने साळुंकी अडत नाही. जवळच दुसऱ्या कुणाचा मापक असेल आणि दोन्ही नोंदी रोज शेजारी शेजारी लागत असतील, तर ओतलेलं पाणीही उघडं पडतं आणि तुंबलेलं नरसाळंही.

हे सगळं परदेशातच जमतं, असंही नाही. अंटार्क्टिकात ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली केंद्रं आहेत, तिथे आपल्याच हवामान खात्याची माणसं नोंदी घेतात. त्या भागातल्या एका हिमनदीचं टोक किती मागे सरलं, हे आपलं भूवैज्ञानिक सर्वेक्षण १९८३ पासून मोजत आलं आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्यावरून सुटलेला ‘निसार’ उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जातो आणि बर्फाची चादर किती सरकली ते टिपतो. ज्या देशाला हे येतं, त्याला एका मंडळातलं नरसाळं साफ ठेवता येऊ नये?

अंटार्क्टिका वितळल्याने समुद्र नाथसागरापर्यंत यायचा नाही, याची मला कल्पना आहे. माझी काळजी दुसरी आहे. बर्फाबद्दल आज जे ठामपणे बोलता येतं, ते १९९२ पासूनच्या सलग नोंदींमुळे. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हापासून तालुक्याच्या ठिकाणी पाऊस मोजला जातो, जिल्ह्यांच्या जुन्या गॅझेटियरांत तालुकावार सरासऱ्या छापलेल्या आहेत. पाऊस बदलला म्हणतो आपण, जून कोरडा जातो, सप्टेंबर झोडपतो म्हणतो. ते खरं की नुसता आपला समज, हे ठरवायला तीस-तीस वर्षांच्या सरासऱ्या लागतात. तुंबलेल्या नरसाळ्याचे आणि बॅटरी गेलेल्या दिवसांचे आकडे आज शेरा न मारता त्यांत गेले, तर पुढच्या पिढीतला कुणी संशोधक त्यावरून सांगेल की आमच्या मंडळात मोठा पाऊस फारसा पडतच नव्हता. त्यावरून कुणी पुलाची उंची ठरवील, कुणी विम्याचा हप्ता.

मागण्या अशा आहेत.

त्या रात्रीची आमच्या मंडळाची नोंद फेरतपासणीला घ्यावी. शेजारच्या मंडळांच्या तासवार नोंदी, शाळेची नोंदवही, पाटबंधारे खात्याच्या जवळच्या मापकाची नोंद आणि इन्सॅट उपग्रहाची ढगांची चित्रं समोर ठेवून निर्णय द्यावा. निर्णय विरोधात गेला तरी चालेल, कारणं लेखी हवीत.

केंद्र मोकळ्या जागेवर हलवावं. शाळेच्या मैदानाचा कोपरा द्यायला शाळा समिती तयार आहे, ठराव झालेला आहे.

मृगाच्या आधी आणि पावसाळ्याच्या मध्यावर, अशी वर्षातून निदान दोनदा प्रत्येक केंद्राची पाणी ओतून तपासणी व्हावी. तारीख, तपासणाऱ्याचं पद आणि यंत्र किती कमी-जास्त दाखवतं ते केंद्राच्या कुंपणावर पाटी लावून लिहावं.

केंद्र बंद असेल त्या दिवशी ‘नोंद नाही’ असंच लिहावं. दुसऱ्या मंडळाचे आकडे घेतले तर कोणत्या, तेही लिहावं. मागाहून आकडा बदलला तर जुना खोडू नये. दोन्ही ठेवावेत, बदलाचं कारणही ठेवावं, आणि हे सगळं माहिती अधिकाराचा अर्ज न करता कुणालाही बघता यावं.

मंडळातल्या ज्या शाळा, महाविद्यालयं नियमाप्रमाणे पाऊस मोजतात, त्यांच्या नोंदी दुसरा साक्षीदार म्हणून ग्राह्य धराव्यात. त्यांचे मापक नीट आहेत का, हे परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून तपासून घ्यावं. आमच्यापासून सुरुवात केली तरी हरकत नाही.

आणि इतिवृत्तातलं बर्फाचं वाक्य काढावं. राहू द्यायचंच असेल तर अधिक-उणेसह पूर्ण छापावं.

शाळेच्या नोंदवहीबद्दल शेवटचं. सुनावणीत ती ‘अनधिकृत’ म्हणून बाजूला सारली गेली, उघडलीसुद्धा नाही. आमचा मापक साधा आहे, फायबरचा, काठ जमिनीपासून फूटभर वर, जवळपास झाड नाही. मुलं सकाळी साडेआठला मोजपात्राने पाणी मोजतात, दोघं वाचतात आणि दोघं सही करतात. सुट्टीत कधी कुणी आलं नाही तर त्या दिवशी रेघ आहे, शून्य नाही. चूक त्यातही आहेच. सोसाट्याच्या वाऱ्यात कुठल्याही मापकात पाऊस थोडा कमीच सापडतो, म्हणजे त्या रात्रीचा खरा पाऊस आमच्या आकड्यापेक्षा जास्त असण्याचीच शक्यता अधिक. वहीच्या पहिल्या पानावर हे मुलांच्या अक्षरात लिहिलेलं आहे.

समितीतल्या कुणालाही शाळेच्या वेळेत येऊन ती बघता येईल. झेरॉक्स लगेच देऊ. मूळ वही मात्र मिळणार नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ती मुलांना लागते.

कळावे,

आपली,
एक भूगोल शिक्षिका आणि मोसंबी उत्पादक,
गोदाकाठ, मराठवाडा